फोल्डस्कोप रिव्ह्यू: अकरावी, गाणं आणि रविवारची अभ्यासिका यातून वेळ काढणाऱ्या मुलीच्या आईकडून

फोल्डस्कोप घ्यावा का, कुठलं किट घ्यावं, मुलं खरंच वापरतात की चार दिवसांनी कपाटात जातो, असं सोसायटीच्या ग्रुपवर आणि लेकीच्या मैत्रिणींच्या आया मला सारखं विचारतायत म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहिते. आमच्याकडे हा ती नववीत असल्यापासून आहे, आता ती अकरावी सायन्सला आहे. मला ही वस्तू मनापासून आवडते. पण सगळ्यांनी घ्यावीच असं मी म्हणणार नाही, का ते पुढे येईलच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. घड्या घालून बनवायचा कागदी मायक्रोस्कोप आहे हा. स्टॅनफर्डमधले मनू प्रकाश आणि त्यांचे तेव्हाचे विद्यार्थी जिम सिबुल्स्की यांनी तयार केला, २०१४ मध्ये त्यावरचा पेपर आला. प्रकाश मूळचे आपल्याकडचेच, मेरठचा जन्म, आयआयटी कानपूरला शिकले. जिथे लॅब नाही, वीज नाही तिथेही मायक्रोस्कोप पोचावा म्हणून सुट्या भागांचा खर्च एका डॉलरच्या आत बसवायचा, असं ठरवूनच त्यांनी हे केलं. आता जगभरात दहा लाखांच्या वर फोल्डस्कोप गेलेत आणि २०१५ मध्ये आपल्या केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने त्यांच्या लॅबशी करार केला, त्यातून कितीतरी शाळा-कॉलेजांत हे पोचले. कागद म्हणजे वहीचा कागद नाही हं, पाण्याने न भिजणारा, सहज न फाटणारा आहे. आत एक बारीकसा काचेचा गोल मणी असतो, तीच लेन्स. १४० पट मोठं दिसतं आणि साधारण २ मायक्रॉनपर्यंतचा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारकावा कळतो, म्हणजे आपला एक केस ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो त्यावरून अंदाज घ्या. एकाच लेन्सने एवढं कसं दिसेल असं वाटत असेल तर सतराव्या शतकात डेल्फ्टचा कापडव्यापारी लेव्हेनहूक असल्याच एका भिंगाच्या सूक्ष्मदर्शकातून पाण्यातले जीव बघत होता, मूळ तत्त्व तेच.

आता आमच्या घरचं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय हा रिव्ह्यू कोणासाठी आहे ते कळणार नाही. मुलीचा दिवस सगळा तुकड्यातुकड्यांचा आहे. सकाळी उठून खर्जाचा रियाज, मग कॉलेज, मग क्लास, संध्याकाळी अभ्यास, त्यात आठवड्यातून दोनदा गाण्याच्या ताईंकडे जाणं (मध्यमा पूर्ण झालंय, आता विशारद प्रथमची तयारी चाललीय), आणि रविवारी सकाळी टेकडीवर झाडांना पाणी घालणाऱ्या ग्रुपबरोबर जाऊन तिथून पुढे वस्तीतल्या अभ्यासिकेत पाचवी ते सातवीच्या मुलांना शिकवणं. यातलं काहीच तिला सोडायचं नाहीये आणि आम्हीही सोड म्हणत नाही. पण यात संशोधन कुठे बसवायचं? कॉलेजच्या लॅबमधला मायक्रोस्कोप प्रॅक्टिकलच्या वेळेतच हाताला लागतो, तेही एका मायक्रोस्कोपमागे चारपाच जणी उभ्या असतात. घरी मोठा घ्यायचा तर जागा हवी, पैसे हवेत, आणि तो टेकडीवर कोण घेऊन जाणार. फोल्डस्कोप दप्तराच्या पुढच्या कप्प्यात राहतो, वजन जेमतेम दहा ग्रॅमच्या आत. क्लास आणि रियाज यांच्यामध्ये मिळालेल्या अर्ध्या तासात एक स्लाइड बघून होते. तिच्यासारख्या मुलामुलींना हे यंत्र सगळ्यात जास्त मानवतं, असं माझं ठाम मत आहे. एकदम चार तास मिळण्याची वाटच बघावी लागत नाही.

याच्याआधी लहान असताना तिला एका दुकानातून खेळण्यातला प्लॅस्टिकचा मायक्रोस्कोप आणलेला, खोक्यावर मोठ्या अक्षरात १२०० एक्स. त्यात काय दिसायचं तर धुरकट करडा गोल. नंतर अकरावीच्या फिजिक्सच्या सरांनी समजावून सांगितलं की नुसतं मोठं करून उपयोग नसतो, लेन्स जेवढा बारकावा वेगळा दाखवू शकते त्याच्या पलीकडे कितीही पट केलं तरी धुरकटपणाच मोठा होतो. म्हणून खोक्यावरच्या आकड्याला भुलू नका. इथले १४० खरे आहेत.

जोडणीबद्दल. छापील शीटवरून तुकडे सोडवायचे, रंगांच्या खुणा बघत घड्या घालायच्या, खाचांत अडकवायचं. पहिल्यांदा अर्धा तास धरा, आणि लेन्सला बोट लावू नका, हे एवढं एक कडक पाळा. हातात धरून डोळ्याला अगदी चिकटवून बघायचा असतो, अंगठ्यांनी कागद सरकवत फोकस आणायचा. आधी हात थरथरतो, फोकस येतो आणि जातो, चिडचिड होते, हे सगळ्यांचंच होतं. दोनतीन दिवसांत हात बसतो. चष्मा असेल तर काढून बघा, फोकसमध्येच ते भरून निघतं. आणि लहान मुलांच्या हातात देताना एक गोष्ट बजावून सांगा, खिडकीकडे, ट्यूबकडे, आकाशाकडे बघायचं, सूर्याकडे कधीच नाही.

फोनला लावायची सोय चुंबकाची आहे. एक छोटी चकती फोनच्या कॅमेऱ्यावर चिकटते आणि फोल्डस्कोप त्याला टक्कन बसतो. आजकाल फोनला तीनतीन कॅमेरे असतात, त्यातला मेन कोणता ते एकेक बोटाने झाकून आधी शोधा आणि चकती फोनला न चिकटवता स्वस्तातल्या जुन्या बॅककव्हरला चिकटवा म्हणजे हवं तेव्हा कव्हर बदललं की झालं. फोटो आणि व्हिडिओ खरंच सुंदर येतात, आणि खरा उपयोग इथेच सुरू होतो कारण फोटो आला की मोजता येतं.

मोजण्याचं सांगते, कारण "संशोधन" म्हणून काय केलं हेच लोक विचारतात. तिचा विषय साधा आहे, करंजाच्या पानांवरची पर्णरंध्रं, म्हणजे पान ज्यातून श्वास घेतं ती बारीक छिद्रं. रस्त्याकडेचा करंज आणि टेकडीवरचा करंज, दोन्हीकडच्या पानांत ठरावीक जागेत रंध्रं किती ते मोजायचं, म्हणजे रस्त्यावरच्या प्रदूषणाने काही फरक पडतो का ते बघता येईल. पद्धत सगळ्या कॉलेजांत करतात तीच. पान पुसून घ्यायचं, खालच्या बाजूला पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ थर द्यायचा, वाळला की सेलोटेपने अलगद ओढून काढायचा आणि टेपसकट स्लाइडवर चिकटवायचा. पानाचा ठसा येतो, त्यात प्रत्येक रंध्र आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या रक्षकपेशी स्पष्ट दिसतात. फोल्डस्कोपला असले पातळ नमुने फार मानवतात. कॉलेजमधून स्टेज मायक्रोमीटर, म्हणजे काचेवर बारीक मोजपट्टी कोरलेली स्लाइड, थोडा वेळ मागून घेतली, तिचा तेवढ्याच झूमवर फोटो काढला, आणि मग इमेजजे नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, एनआयएच या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेतून आलेलं, त्यात ते माप भरलं की पुढच्या प्रत्येक फोटोत मायक्रॉनमध्ये मोजता येतं. यातलं काहीच महाग नाही.

तिच्या बॉटनीच्या मॅडमनी पहिल्याच भेटीत विचारलं, पानं सावलीतली की उन्हातली? कारण एकाच झाडावर उन्हातल्या पानांत रंध्रं साधारण जास्त दाट असतात, सावलीतल्या पानांत विरळ. म्हणजे रस्त्यावरचं पान उन्हातलं आणि टेकडीवरचं सावलीतलं घेतलं तर फरक प्रदूषणाचा नाही, उन्हाचा मोजला जाईल. मग एकाच उंचीची, एकाच दिशेची, एकाच वयाची पानं घ्यायची असं ठरलं आणि वहीत प्रत्येक ठशाशेजारी ते लिहायला लागली. मला विचाराल तर हा एक प्रश्न त्या सगळ्या उपकरणापेक्षा मोलाचा होता. नववीत डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेसाठी कृती संशोधन प्रकल्प केला तेव्हा निरीक्षणाची वही ठेवायची सवय लागलेली, ती इथे कामाला आली.

आणि कण्हेर! रस्त्याच्या मधल्या डिव्हायडरवर सगळीकडे कण्हेर लावलेली असते म्हणून तिने तिचेही ठसे घेतले. काहीच नाही. परत घेतले, परत काही नाही, नुसते पेशींचे आकार आणि मध्येमध्ये काळपट खड्डे. नेलपॉलिश बदललं, पान बदललं, तरी तेच. मग पुस्तकात सापडलं की कण्हेरीची रंध्रं पानाच्या पृष्ठभागावर नसतातच, ती खालच्या बाजूच्या खोल खळग्यांमध्ये लपलेली असतात, आणि त्या खळग्यांत वर केस, म्हणजे पाणी कमीत कमी उडून जावं अशी सोय. म्हणून तर हे झाड डिव्हायडरवरच्या धुरात, उन्हात, बिनपाण्याचं तगतं. नेलपॉलिश त्या खळग्याच्या तळापर्यंत जाणारच नाही. न दिसलेल्या गोष्टीतून एवढं कळतं हे मी तरी पहिल्यांदाच बघत होते, आणि त्या रात्री जेवताना आमच्याकडे कण्हेरीशिवाय दुसरा विषय नव्हता. अकरावीवाल्यांनी ऱ्हिओचं पानही नक्की बघा, ते कुंडीत लावतात ना, वरून हिरवं खालून जांभळं. खालची जांभळी साल काढली की जांभळ्या पेशींत हिरवी रंध्रं दिसतात, आणि मिठाचं पाणी घातलं की पेशींतला जांभळा भाग आकसत जातो तो प्रत्यक्ष दिसतो. पुस्तकातलं प्लाझ्मोलिसिस डोळ्यासमोर होतं, परीक्षेत वेगळं पाठ करावं लागत नाही.

आता काय दिसत नाही तेही सांगते, कारण जाहिरात वाचून भलत्या अपेक्षा ठेवून लोक घेतात. दह्यातले जिवाणू दिसणार नाहीत, ते एखाद्या मायक्रॉनच्या आसपासचे, या लेन्सच्या हद्दीबाहेरचे. रक्ताच्या थेंबात तांबड्या पेशी बारीक गोल म्हणून दिसतात, त्याच्या आत काय चाललंय ते नाही, मलेरिया वगैरे ओळखायचा तर विचारच सोडा. गोल मण्याची लेन्स असल्यामुळे चित्राचा मधला भाग छान आणि कडा धूसर, हे कुठल्याही गोल लेन्सचं होणारच, त्यामुळे मोजताना फक्त मधला भाग धरायचा. नमुना लेन्सच्या अगदी जवळ असावा लागतो म्हणून कव्हरस्लिपची (नमुन्यावर ठेवायची पातळ काच) बाजू लेन्सकडे ठेवा आणि जाड काही ठेवू नका. अख्खी मुंगी बघायला हा नाही, मुंगीचा पाय बघायला आहे. कांद्याची साल, गालाच्या आतल्या पेशी, जास्वंदीचे काटेरी परागकण, फुलपाखराच्या पंखावरचे खवले, पावाची बुरशी, साचलेल्या पाण्यातले पॅरामिशियम नावाचे एकपेशी जीव, हे सगळं उत्तम.

गाण्याचं. गाण्याशी याचा काय संबंध असं वाटेल, मलाही वाटलं होतं. घरी माझ्या सासूबाईंचा मिरजेचा तानपुरा आहे, रोजचा रियाज जरी फोनवरच्या तानपुऱ्यावर होत असला तरी रविवारी संध्याकाळी तो खरा तानपुरा काढतात आणि आजी-नात दोघी मिळून जवारी लावत बसतात. घोडीवर तारेखाली दोरा सरकवत सरकवत एका जागी आणला की तार एकदम बोलायला लागते. त्यावरून तिच्या वाचनात आलं की सर सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये तानपुरा आणि वीणेच्या याच घोडीवर लिहिलंय, तार जिथे छेडली तिथे स्थिर बिंदू असलेले उपस्वर नेहमीच्या नियमाप्रमाणे ऐकू यायलाच नकोत, पण या गोलसर घोडीमुळे ते ऐकू येतात. मग काय, दोरा फोल्डस्कोपखाली. सुती धाग्याचे तंतू चपटे आणि मध्येमध्ये पीळ पडलेले, रेशमाचे गुळगुळीत सरळ. त्यावरून आवाजाचं काही सिद्ध होत नाही, तिनेही तसा दावा केला नाही, पण आजींनी आयुष्यभर हाताने ओळखलेला फरक डोळ्यांनी बघितला आणि "मला परत दाखव गं" म्हणाल्या. एवढ्यासाठी तरी मी या कागदाच्या तुकड्याला पूर्ण मार्क देईन.

अभ्यासिकेतला अनुभव थोडा वेगळा. तिथे एक फोल्डस्कोप आणि वीसेक मुलं म्हणजे डोळा लावून बघायची रांग फार लांब होते, शेवटच्या मुलाची वेळ येईपर्यंत पाण्याचा थेंब वाळलेला असतो. तिथल्या दादांनी सुचवलं की फोनला लावून एकदम सगळ्यांना दाखव आणि मग एकेकाला हातात दे, तसं केल्यावर जमलं. मुलांनी काय काय आणलं, साखर, केस, कोंबडीचं पीस, एकीने तर केसाला चिकटलेली लीख आणली आणि कोणी हसलं नाही, सगळी पुढे सरकून बघायला लागली. सगळ्यात गाजलं ते पिंपातलं पाणी. डासांच्या अगदी कोवळ्या अळ्या त्यात होत्या, अळीची शेपटीकडची श्वासनळी आणि तिच्यावरचे केस दिसले. डेंग्यूचा डास असल्याच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा दिवस पाळा असं महापालिका सांगते, हे मुलांनी भिंतीवर कितीदा वाचलेलं, पण त्या दिवशी पिंप रिकामं करायला ती स्वतः पळाली. आता तिथे वेगळे फोल्डस्कोप आहेत आणि सातवीतली मुलं पाचवीतल्यांना जोडून देतात. लेक फक्त बाजूला उभी राहते.

एक गोष्ट मनापासून सांगायचीय. हल्ली काही पालक विचारतात की प्रोफाइलसाठी चांगलं का, बाहेरच्या युनिव्हर्सिटीला अर्ज करताना संशोधन, कला, समाजसेवा असं सगळं लागतं ना. त्यासाठी घेऊ नका. मूल संशोधन, गाणं आणि रविवारची शिकवणी सांभाळत असेल तर त्याला आधीच झोप कमी मिळते, त्यात आणखी एक सर्टिफिकेटचा विषय आपण घालायचा नाही. परीक्षेच्या महिन्यात आमच्याकडे फोल्डस्कोप डब्यातच असतो, क्लासच्या टेस्ट आणि विशारदची परीक्षा जवळ आल्या की ती स्वतः टेकडीवरचा एखादा रविवार सोडते आणि तिला कोणी बोलत नाही. याची रोज चार्ज करायची, अपडेट करायची भानगड नाही, दोन महिने हात लावला नाही तरी तो होता तसाच असतो, हेही मला आवडतं.

किट कुठलं घ्यावं. एकट्या मुलासाठी असेल तर सामानासकट येणारं मोठं किट घ्या, त्यात स्लाइड, कव्हरस्लिप, चिमटा, ड्रॉपर, छोटा दिवा असं सगळं एका डब्यात येतं आणि पहिल्या दिवसापासून सुरू करता येतं. शाळेसाठी, ग्रुपसाठी असेल तर नुसते फोल्डस्कोप एकत्र मिळतात ते घ्या, एकेक बराच स्वस्त पडतो, स्लाइड-कव्हरस्लिप लॅबचं सामान विकणाऱ्या दुकानातून वेगळ्या आणा. किमती बदलत असतात म्हणून आकडा देत नाही, घेताना दोन ठिकाणी बघून घ्या. काचेच्या कव्हरस्लिपा लहान मुलांच्या हातात देऊ नका, पारदर्शक सेलोटेपने बरंचसं काम होतं.

पाचवीच्या आतल्या मुलाला एकट्याने जमणार नाही, कोणी मोठं बरोबर बसणार असेल तरच घ्या. मेडिकलला किंवा एमएस्सी मायक्रोबायॉलॉजीला असलेल्यांना हा पुरणार नाही, त्यांना खरा कंपाऊंड मायक्रोस्कोपच लागतो. ज्याला बटण दाबलं की चित्र हवंय त्याच्यासाठीही हा नाही. बाकी सातवी ते बारावीच्या, थोड्या चौकस आणि वेळ कमी असलेल्या कुठल्याही मुलामुलीसाठी डोळे झाकून घ्या, आणि शक्यतो पावसाळ्याच्या तोंडावर घ्या, जून-जुलैत डबकी भरतात, भिंतींवर शेवाळ येतं, चपलांनासुद्धा बुरशी येते, तेव्हा बघायला घराबाहेर फार लांब जावंच लागत नाही.